घरासमोरच्या डांबरी ड्राइव्हवेची निगा: सीलकोट कधी करावा आणि त्याआधी काय करावे?

धागाकर्ता

नमस्कार. आमच्या घरासमोर डांबरी ड्राइव्हवे आहे. घर जुन्या मालकांकडून घेतलेले असल्यामुळे डांबरीकरण नेमके कधी झाले आणि त्यावर पूर्वी सीलकोटचे, म्हणजे सीलर नावाच्या काळ्या द्रवाच्या संरक्षक थराचे, किती हात मारले गेले, याची नोंद आमच्याकडे नाही. पृष्ठभागाकडे पाहता काम दहा-बारा वर्षांपूर्वीचे असावे. मूळचा काळा रंग जाऊन तो करडा पडला आहे, खडीचे माथे उघडे दिसू लागले आहेत आणि झाडताना बारीक वाळू सुटून येते. मधोमध एक लांब भेग आहे, तिच्यात नाणे उभे सहज जाते. गॅरेजच्या काँक्रीटला डांबर जिथे टेकते तिथला सांधा उघडला आहे. छताच्या पन्हळीचे पाणी जिथे पडते, तिथे बारीक भेगांचे जाळे पसरले आहे. गाडी उभी राहते त्या जागी तेलाचे डागही आहेत.

दोन कंत्राटदारांना जागा दाखवली. एकाने दरवर्षी सीलकोट केलाच पाहिजे असे सांगितले. दुसऱ्याने सीलकोट म्हणजे केवळ रंगरंगोटी, त्यावर खर्च करू नका, असे सांगितले. दोघांनीही भेगांचे जाळे झालेल्या भागाकडे फारसे लक्ष दिले नाही. माझे प्रश्न असे: सीलकोटने नेमके काय साधते, तो किती काळाने करावा, आणि वर सांगितलेल्या दुखण्यांपैकी कोणते आधी हाती घ्यावे? शक्य तेवढे काम घरीच करण्याची तयारी आहे.

प्रतिसाद १

दोन्ही कंत्राटदारांची उत्तरे टोकाची आहेत. डांबराच्या मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी आणि वाळू असते. उरलेले साधारण ५ टक्के बिटुमेन या सगळ्यांना धरून ठेवते. ऊन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे या बिटुमेनमधला मऊ, तेलकट अंश कमी होत जातो आणि ते कडक व ठिसूळ बनते. हा बदल वरून सुरू होतो. करडा रंग आणि सुटणारी वाळू ही त्याचीच लक्षणे आहेत, कारण खडीवरचा बिटुमेनचा पापुद्रा झिजून तिची पकड सैल झालेली असते.

सीलकोट या वरच्या थराला ऊन, पाणी आणि सांडणाऱ्या तेलापासून आडोसा देतो. दोन हात मिळून त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. एवढ्याशा पापुद्र्याने ड्राइव्हवेची वजन पेलण्याची ताकद वाढत नाही, खचलेला भाग वर येत नाही आणि रुंद भेग बुजत नाही. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर तो उपयोगी आहे.

दरवर्षी करण्याच्या सल्ल्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आधीचा थर झिजण्यापूर्वीच त्यावर नवा चढवत गेल्यास पापुद्रे साचतात, आणि थंडी-उन्हात खालचे डांबर व वरचा जाड थर यांचे आकुंचन-प्रसरण सारखे होत नसल्याने त्या थरालाच केसासारख्या भेगा पडून तो सोलून निघू लागतो. अशा पृष्ठभागावर पुढचा कोणताही हात टिकत नाही. साधारणपणे तीन ते पाच वर्षांचे अंतर पुरते. वर्दळ जास्त असेल तर थोडे कमी. कॅलेंडरपेक्षा पृष्ठभाग पाहून ठरवावे: चाकांच्या मार्गात खडी उघडी दिसू लागली की वेळ आली असे समजावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण धागाकर्त्यांच्या बाबतीत सीलकोटचा विचार सर्वांत शेवटी यायला हवा. त्यांच्या वर्णनातील सर्वांत गंभीर बाब करडा रंग नसून पन्हळीच्या तोंडाशी पडलेले भेगांचे जाळे आहे.

असे जाळे, ज्याला बांधकामातील लोक मगरीच्या कातडीचे नाव देतात, बहुतेक वेळा पायाच्या थरातील बिघाड दाखवते. डांबराखाली दाबून बसवलेल्या खडीचा थर असतो. गाडीचे वजन डांबरामार्फत त्यावर आणि त्यावरून जमिनीवर पसरते. त्या थरात पाणी मुरून राहिले की खडीमधील बारीक अंश चिखल होऊन हलतो, आधार जातो, आणि वरचे डांबर प्रत्येक चाकासरशी खाली वाकून पुन्हा वर येते. हे वाकणे वारंवार झाले की खालच्या बाजूने भेगा सुरू होतात आणि वर येऊन एकमेकींना मिळतात. जिथे गोठवणारी थंडी पडते तिथे भर पडते ती वेगळीच: पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि प्रत्येक गोठण-वितळणीत भेग थोडी अधिक फाकते.

तपासणी सोपी आहे. पाऊस पडून गेल्यावर त्या भागावरून गाडी हळू न्यावी आणि कोणाला तरी शेजारी उभे राहून पाहायला सांगावे. भेगांतून गढूळ पाणी किंवा मातकट गाळ वर येत असेल, अथवा चाकाखाली डांबर हललेले दिसत असेल, तर पाया गेला आहे. अशा ठिकाणी भेगा भरून किंवा सीलर फासून काहीही हाती लागणार नाही.

उपाय करतानाही क्रम महत्त्वाचा आहे. आधी पन्हळीचे पाणी नळी लावून ड्राइव्हवेपासून दूर, उताराच्या बाजूला सोडावे. मग तो भाग चौकोनी कापून पूर्ण खोलीपर्यंत काढावा. कापताना जाळ्याच्या बाहेर चांगल्या डांबरात थोडे शिरावे, कारण बिघाड दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. खालचा चिखल काढून टाकून कोरडी, कोनदार खडी थराथराने दाबून बसवावी आणि वर नवे डांबर घालावे. पाण्याची सोय न करता केलेली दुरुस्ती पुन्हा त्याच जागी फुटते.

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)

मनःपूर्वक आभार. काल पाऊस थांबल्यावर आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. गाडीचे पुढचे चाक जाळ्यावरून जाताच दोन-तीन भेगांतून मातकट पाण्याचे बारीक बुडबुडे आले आणि चाक पुढे गेल्यावर ते पाणी पुन्हा आत ओढले गेले. म्हणजे पाया गेल्याचे निदान खरे दिसते. कापून काढावा लागणारा भाग साधारण दाराच्या फळीएवढा आहे. उरलेल्या ड्राइव्हवेवर मात्र कुठेही असे झाले नाही, मधल्या लांब भेगेतूनही नाही.

एवढा भाग थंड डांबराच्या पिशव्या आणून घरी भरता येईल का, आणि मधली भेग कशाने भरावी?

प्रतिसाद ४

गरम डांबराचे मिश्रण साधारण १३५ ते १६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणून पसरतात आणि ते थंड होण्याच्या आत दाबावे लागते, म्हणून ते घरगुती काम नाही. टिकाऊपणात त्याची बरोबरी पिशवीतले थंड मिश्रण करू शकत नाही. गाडी नेहमी जिथून जाते ती जागा असेल आणि कंत्राटदार मिळत असेल, तर गरम मिश्रणच घ्यावे, असे माझे मत आहे. थंड मिश्रण वापरायचेच झाले तर खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवाव्यात, त्यांना इमल्शनचा (पाण्यात बिटुमेनचे सूक्ष्म थेंब मिसळलेल्या द्रवाचा) हात द्यावा, एका वेळी सुमारे पाच सेंटीमीटरपेक्षा जाड थर घालू नये आणि प्रत्येक थर लोखंडी धुमसाने चोपून घट्ट करावा. शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीपेक्षा एखादा सेंटीमीटर वर ठेवावा. चाकांखाली तो बसतो. लोक घाई करतात ती चोपण्यातच, आणि सैल राहिलेले मिश्रण पहिल्या मोठ्या पावसात सुटते.

आता भेगांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ड्राइव्हवेचे आयुष्य कशाने वाढते असे कोणी एका वाक्यात विचारले, तर भेगा वेळेवर भरल्याने, असेच उत्तर मी देईन. भेग म्हणजे पायापर्यंत पाणी नेणारी वाट असते.

अगदी केसासारख्या भेगांमध्ये सीलरच उतरतो, त्यांना वेगळे काही करावे लागत नाही. त्याहून मोठ्या, पण सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगांना बाटलीतून ओतता येणारा पातळ क्रॅक फिलर चालतो. ६ ते १२ मिलिमीटरच्या भेगांना रबरमिश्रित, घट्टसर आणि लवचिक माल घ्यावा. त्याहून रुंद भेग खोल असेल तर तळाशी फोमची दोरी किंवा कोरडी वाळू भरून वरचा एक-दीड सेंटीमीटर भाग फिलरसाठी ठेवावा. तसे न केल्यास माल खाली उतरत राहतो आणि डब्यामागून डबे रिकामे होतात. वितळवून भरायचा माल असेल तर साधी फोमची दोरी त्या उष्णतेत वितळते, म्हणून उष्णता सोसणारी दोरी किंवा वाळू वापरावी.

भरण्याआधीची साफसफाई हेच खरे काम आहे. भेगेतील गवत मुळासकट काढावे. वरवर उपटलेले गवत फिलर फोडून पुन्हा वर येते. मग बारीक आकड्याने किंवा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने आतली माती खरवडावी, तारेच्या ब्रशने दोन्ही भिंती घासाव्यात आणि शेवटी हवेच्या झोताने धूळ उडवावी. फिलर भिंतींना चिकटतो. भिंतीवर धूळ असेल तर तो धुळीला चिकटतो आणि पहिल्याच थंडीत एका बाजूने सुटतो. भेग आतून कोरडी असणेही तितकेच आवश्यक आहे. पाण्याने धुतल्यास पुरेसे ऊन मिळेपर्यंत थांबावे, कारण वरून कोरडी दिसणारी भेग तळाशी ओली असते.

पाण्यावर आधारित फिलर सुकताना आक्रसतो, त्यामुळे भरलेली भेग दुसऱ्या दिवशी मधोमध खोलगट दिसली तर काळजी करू नये. पुन्हा एक पातळ हात द्यावा. तो पृष्ठभागाच्या वर उंचवटा करून राहू नये, नाहीतर चाके आणि फावडी तो ओढून काढतात.

प्रतिसाद ५

मला एक वेगळा विचार मांडायचा आहे. घरगुती ड्राइव्हवेवर दिवसातून चार-सहा वेळा हलकी गाडी जाते. भेगा भरल्या, पाणी वळवले, कडा सांभाळल्या, तर सीलकोट न करताही असे ड्राइव्हवे दीर्घकाळ चालतात. सार्वजनिक रस्त्यांवर सहसा कोणी असा काळा सीलर फासत नाही. मग घरमालकांनी हा खर्च आणि ही मेहनत का करावी? शिवाय नवा सीलर लावलेला पृष्ठभाग ओला असताना अधिक निसरडा असू शकतो, हेही उताराच्या ड्राइव्हवेच्या बाबतीत लक्षात घ्यायला हवे.

प्रतिसाद ६

आपला मुद्दा रास्त आहे आणि प्राधान्यक्रम म्हणून मी तो मान्य करतो: पाणी, पाया, भेगा, कडा आणि मग सीलकोट. परंतु सार्वजनिक रस्त्याशी केलेली तुलना मला पुरती पटत नाही. रस्त्यांवर काळा सीलर लावत नसले तरी बिटुमेनचा फवारा मारून वर बारीक खडी पसरण्यासारखे पृष्ठभागाचे उपचार केले जातातच. दुसरे असे की रस्त्यावर सतत फिरणारी चाके डांबर मळून घट्ट ठेवतात. घराच्या ड्राइव्हवेवर ती मळणी होत नाही आणि दबाईही बहुधा लहान रोलरने झालेली असल्यामुळे मिश्रणात पोकळ्या जास्त राहतात. त्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी आत जाते, आणि बिटुमेन लवकर कडक होते. त्यातच गाडी तासन्‌तास एकाच जागी उभी राहते आणि तेलाचा थेंब पडतो तोही त्याच जागी.

निसरडेपणाविषयी आपण म्हणता ते योग्य आहे. म्हणूनच चांगल्या सीलरमध्ये बारीक सिलिका वाळू मिसळलेली असते किंवा काम करताना मिसळतात. उतार असेल तर वाळूविरहित चकचकीत माल घेऊच नये.

प्रतिसाद ७

सीलर निवडताना डब्यावरील घटक वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाजारात साधारणपणे तीन जातींचा माल मिळतो: खनिज तेलापासून मिळणाऱ्या बिटुमेनचे पाण्यातील इमल्शन, दगडी कोळशाच्या कोल टारपासून बनवलेला सीलर, आणि ॲक्रिलिक. यांपैकी कोल टारचा माल काही ठिकाणी अजूनही विकला जातो. त्याची बाजू अशी मांडली जाते की पेट्रोल आणि इंजिन ऑइल त्याला विरघळवत नाही, आणि हे खरे आहे. बिटुमेन स्वतः खनिज तेलाच्या कुळातले असल्यामुळे सांडलेल्या पेट्रोल-डिझेलमध्ये ते विरघळून मऊ होते.

पण कोल टारच्या पिचमध्ये बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणजे पीएएच या गटातील संयुगे फार मोठ्या प्रमाणात असतात. बिटुमेनच्या सीलरच्या तुलनेत हे प्रमाण हजारपटीच्या घरात जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कोल टार पिचचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. चाकांखाली झिजलेला सीलर धूळ बनून बुटांबरोबर घरात येतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-तळ्यांत जातो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या आणि टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या संशोधकांनी २००५ मध्ये पार्किंगच्या जागांवरून वाहून येणाऱ्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि शहरी ओढ्यांतील पीएएचचा हा एक महत्त्वाचा, तोवर दुर्लक्षित राहिलेला उगम असल्याचे दाखवले. ऑस्टिन शहराने २००६ पासून कोल टारच्या सीलरवर बंदी घातली. २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्याने आणि त्यानंतर मिनेसोटाने तसेच केले.

लहान मुले जिथे उघड्या पायांनी खेळतात त्या जागेवर केवळ पेट्रोलचा डाग पडू नये म्हणून असा पदार्थ पसरणे मला कोणत्याही प्रकारे समर्थनीय वाटत नाही. आपल्याकडे कायद्याने मनाई असो वा नसो, बिटुमेनचे इमल्शन किंवा ॲक्रिलिक घ्यावे आणि तेलाचे डाग वेळीच साफ करावेत.

प्रतिसाद ८ (धागाकर्ता)

ही माहिती मला नवीन होती. आमच्या घरात लहान मूल आहे, त्यामुळे निर्णय तिथेच झाला. मात्र यातून एक प्रश्न उभा राहतो. आमच्या ड्राइव्हवेवर पूर्वीच्या मालकांनी कोणता सीलर लावला होता हे कसे ओळखावे? कडेच्या भागात त्याचे पापुद्रे अजून शिल्लक आहेत. आणि गॅरेजच्या सांध्याविषयी कोणी लिहिले नाही, त्याबद्दलही मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद ९

ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. ब्लेडने फक्त वरच्या सीलरचा भुगा खरवडून घ्यावा, खालचे डांबर त्यात येऊ देऊ नये. काचेच्या लहान बाटलीत मिनरल स्पिरिट्स, म्हणजे रंगकामात वापरले जाणारे खनिज द्रावक, घेऊन त्यात हा भुगा टाकावा, हलवावे आणि तासभर ठेवून रंग पाहावा. बिटुमेन या द्रावकात विरघळते, त्यामुळे द्रव काळ्या कॉफीसारखा गडद आणि अपारदर्शक होतो. कोल टार त्यात फारसे विरघळत नाही, म्हणून द्रव बिनदुधाच्या चहासारखा पारदर्शक पिवळसर-तपकिरी राहतो. भुगा काढताना हातमोजे घालावेत आणि काम मोकळ्या हवेत, ज्वालेपासून दूर करावे. कोल टार त्वचेवर राहून वर ऊन लागले तर भाजल्यासारखी जळजळ होते, हेही ध्यानात ठेवावे.

जुना थर कोल टारचा निघाला तर तो कोरडा घासून धूळ उडवू नये. सुटे पापुद्रे ओले करून गोळा करावेत. त्यावर नवा सीलर लावण्याआधी कोपऱ्यातील एका लहान तुकड्यावर लावून पाहावा, पूर्ण वाळल्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर काळे पापुद्रे आले तर पकड बसलेली नाही.

गॅरेजच्या सांध्याचे म्हणाल, तर तो कायमचा बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नये. काँक्रीट आणि डांबर यांचे तापमानाप्रमाणे हलणे वेगवेगळे असते. तो सांधा उन्हाळ्यात मिटतो आणि थंडीत उघडतो. म्हणून तिथे सिमेंट किंवा कडक होणारा माल भरणे पूर्णतः चुकीचे आहे. सांधा साफ करून फोमची दोरी दाबून बसवावी आणि वर डांबर-काँक्रीट अशा दोन्हींना चिकटणारा, कायम लवचिक राहणारा सांधेभरणीचा माल घालावा. दोरीमुळे माल तळाला चिकटत नाही, केवळ दोन्ही बाजूंना चिकटतो, आणि त्यामुळे तो न फाटता ताणला जाऊ शकतो. दरवर्षी थंडीच्या आधी या सांध्याकडे एकदा पाहावे, कारण गॅरेजच्या उंबऱ्याखाली मुरलेले पाणी सर्वांत अडचणीच्या जागी जाते.

प्रतिसाद १०

प्रत्यक्ष सीलकोट करण्याच्या दिवसाविषयी लिहितो.

हवामान पाहूनच तारीख ठरवावी. हवा आणि पृष्ठभाग दोन्हींचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि काम झाल्यानंतरच्या रात्रीही ते फार खाली उतरू नये. पुढचे किमान २४ तास पाऊस नको. इमल्शन सुकते म्हणजे त्यातील पाणी उडून बिटुमेनचे सूक्ष्म थेंब एकमेकांना मिळून सलग पापुद्रा तयार होतो. हे घडण्याआधी दव किंवा पाऊस पडला तर माल पुन्हा पातळ होऊन तपकिरी ओघळांनी वाहून जातो. यासाठी सकाळी दव उडाल्यावर सुरुवात करून दुपारपर्यंत हात पूर्ण करणे उत्तम.

तेलाचे डाग आधी घ्यावेत. सुटे तेल लाकडाच्या भुशाने किंवा कोरड्या मातीने शोषून घ्यावे, मग धुण्याची पावडर आणि ताठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. डागाच्या जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत जात असेल तर तिथले बिटुमेन विरघळलेले आहे आणि तेवढा तुकडा कापून नवा भरावा लागेल. टोक आत जात नसेल तर तेलाच्या डागांसाठी मिळणारा प्रायमर लावावा, नाहीतर नेमक्या त्या गोलावरून सीलर सोलून निघतो. उरलेला पृष्ठभाग झाडून धुवावा. दाबाच्या पाण्याचे यंत्र वापरत असाल तर नळी जवळ धरू नये, कारण जुन्या डांबरातील सैल खडी त्या झोताने उपटून निघते.

डबा उघडल्यावर वर पाणी आणि तळाशी घट्ट गाळ दिसतो. तो गाळ म्हणजेच वाळू आणि माती-खनिजाची भर, ज्यावर टिकाऊपणा अवलंबून आहे. काठीने तळापासून ढवळावे, किंवा ड्रिलला ढवळणी लावून सगळा माल एकजीव, गुळगुळीत दिसेपर्यंत फिरवावे, आणि कामाच्या मध्ये पुन्हा पुन्हा ढवळत राहावे. डब्यावर परवानगी असल्याशिवाय पाणी घालू नये.

काँक्रीटच्या कडा, गॅरेजचे दार आणि भिंतीचा तळ चिकटपट्टी व कागदाने झाकावा. काँक्रीटवर पडलेला थेंब पुढे निघत नाही. पावसाचे पाणी नेणाऱ्या जाळ्याही झाकाव्यात. कडांना ब्रशने हात देऊन घ्यावा आणि मग वरच्या टोकाकडून, म्हणजे गॅरेजकडून, रस्त्याकडे येत जावे. मालाची आडवी पट्टी ओतून रबरी पात्याने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने ती स्वतःकडे ओढावी आणि पुढची ओढ आधीच्या ओढीच्या कडेवर थोडी चढवावी. जुने, खडबडीत डांबर असल्यास पहिला हात ब्रशने द्यावा, कारण त्याने माल खाचांत घासला जातो. कडक उन्हात पृष्ठभाग फार तापला असेल तर पाण्याचा हलका फवारा मारावा, पाणी साचू देऊ नये. तापलेल्या डांबरावर इमल्शनचे पाणी क्षणात उडते आणि पट्टे पडतात.

एका लिटरमध्ये साधारण सव्वा ते दोन चौरस मीटर जागा होते. खडबडीत पृष्ठभाग जास्त माल पितो. एक जाड थर कधीही देऊ नये. वरून साय धरते, आत ओलावा अडकतो आणि थर भेगाळतो. दोन पातळ हात द्यावेत, आणि दुसरा हात पहिला हात वरून चालले तरी बुटाला न लागण्याइतका सुकल्यावरच.

प्रतिसाद ११

काम कंत्राटदाराकडून करून घेणार असाल तर दर विचारण्याआधी मालात किती पाणी मिसळणार, किती हात देणार आणि भेगा कशाने भरणार, हे लेखी घ्यावे. दारावर येऊन दुसऱ्या कामावरचा माल उरला आहे, आजच करून देतो, असे सांगणाऱ्यांना काम देऊ नये. अशा वेळी बहुधा पाणी घातलेला माल एका पातळ फवाऱ्यात मारला जातो. तो पहिल्या दिवशी सुंदर काळा दिसतो आणि एका ऋतूत निघून जातो.

प्रतिसाद १२ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पन्हळीला नळी जोडून पाणी बागेच्या उताराकडे वळवले आहे, आणि जाळ्याचा भाग कापून गरम डांबर घालण्याचे काम एका कंत्राटदाराला दिले आहे. बाटलीतील चाचणीत द्रव काळाकुट्ट झाला, म्हणजे जुना सीलर बिटुमेनचाच आहे. दोन शंका उरल्या. नव्या तुकड्यावर बाकीच्या ड्राइव्हवेबरोबरच सीलकोट करावा का? आणि झाडाच्या सावलीत राहणारा एक भाग आहे, तिथे काही वेगळे करावे लागेल का?

प्रतिसाद १३

नव्या तुकड्याला आत्ता सीलर लावू नये. ताज्या डांबराच्या पृष्ठभागावर तेलकट अंश असतो. तो कमी होऊन डांबर कडक होण्यास वेळ द्यावा लागतो, नाहीतर सीलर नीट धरत नाही आणि पृष्ठभाग मऊ राहून चाकांचे वळ उमटतात. बहुतेक जण सहा महिने ते एक वर्ष थांबण्याचा सल्ला देतात. त्यावर थोडे पाणी टाकून पाहावे: पाणी थेंब-थेंब होऊन वेगळे राहत असेल तर अजून थांबावे, सलग पसरत असेल तर चालेल. तोपर्यंत नव्या तुकड्यावर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवणे टाळावे. उन्हाळ्यात गाडीचा जॅक किंवा दुचाकीचा स्टँड थेट डांबरावर न टेकवता खाली फळी ठेवावी, कारण लहानशा टोकावर आलेले वजन तापलेल्या डांबरात रुतते. नव्या-जुन्याचा सांधा मात्र उघडा ठेवू नये, त्यावर क्रॅक फिलरची पट्टी ओढून घ्यावी. उरलेल्या ड्राइव्हवेचा सीलकोटही पुढच्या हंगामावर ढकलून सगळे एकदमच करावे, असे मी सुचवेन. भेगा आत्ता भरून घेतल्या तर मधल्या काळात काही बिघडणार नाही.

सावलीच्या भागात इमल्शन सुकायला कधी कधी दुप्पट वेळ लागतो. तो भाग सकाळी सर्वांत आधी करावा, आणि तिथे शेवाळ असेल तर आधी घासून, धुऊन पूर्ण वाळवावा, कारण शेवाळावर लावलेला सीलर शेवाळासकट निघतो. गाडी आत आणण्यासाठी उन्हातील भाग २४ तासांत तयार झालेला दिसला तरी सावलीतल्या भागाचा अंदाज घेऊनच निर्णय करावा: अंगठा जोराने दाबून फिरवावा, काळे लागले नाही आणि पृष्ठभाग सरकला नाही तर गाडी आणावी. थंड किंवा दमट दिवस असतील तर ४८ तासांची तयारी ठेवावी.

उरलेला माल डब्यात घट्ट बंद करून गोठणार नाही अशा जागी ठेवावा. एकदा गोठलेले इमल्शन फाटते आणि कितीही ढवळले तरी पुन्हा एकजीव होत नाही.